नो युअर लेमन्स

नो युअर लेमन्स ही स्तनाच्या कर्करोगाची लक्षणे लिंबांच्या चित्रातून समजावून देणारी आंतरराष्ट्रीय आरोग्यशिक्षण मोहीम असून ती चालविणाऱ्या विनानफा संस्थेचेही तेच नाव आहे. ‘आपली लिंबे ओळखा’ असा या नावाचा अर्थ होतो. यातील ‘नो’ हा शब्द नकारार्थी नसून ‘जाणून घ्या’ या अर्थाचा आहे. अमेरिकन ग्राफिक डिझायनर कोरीन एल्सवर्थ-बोमाँट यांनी ही कल्पना साकारली. २००३ मध्ये ‘वर्ल्डवाइड ब्रेस्ट कॅन्सर’ या नावाने सुरू झालेल्या कार्यातून आजची संस्था उभी राहिली. अंड्यांच्या खोक्यात मांडलेली बारा लिंबे आणि प्रत्येक लिंबावर दाखविलेले एकेक लक्षण, असे या मोहिमेच्या मुख्य चित्राचे स्वरूप आहे. जानेवारी २०१७ मध्ये हे चित्र समाजमाध्यमांतून जगभर पसरले. मोहिमेचे साहित्य तीसहून अधिक भाषांत उपलब्ध झाले आहे. आरोग्यविषयक माहितीची दृश्य मांडणी कशी असावी, या विषयाच्या चर्चेत या चित्राचा उल्लेख वारंवार केला जातो.

पार्श्वभूमी

स्तनाचा कर्करोग हा जगभरातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२२ या एका वर्षात सुमारे २३ लाख स्त्रियांना या रोगाचे निदान झाले आणि सुमारे ६ लाख ७० हजार व्यक्तींचा त्याने मृत्यू झाला. रोग स्तनापुरता मर्यादित असताना उपचार सुरू झाल्यास रुग्ण बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. तो हाडे, फुप्फुसे, यकृत किंवा मेंदू यांपर्यंत पोहोचल्यावर ती फार कमी होते. त्यामुळे लक्षण दिसणे आणि वैद्याकडे जाणे यांमधील काळ रुग्णाच्या आयुष्याच्या दृष्टीने निर्णायक ठरतो.

हा काळ लांबण्याची कारणे केवळ वैद्यकीय नाहीत. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही आणि जे दुखत नाही त्याकडे दुर्लक्ष होते. कर्करोग म्हणजे गाठ, एवढीच माहिती अनेकींना असते. त्वचेवरील खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा जाड झालेली त्वचा हीदेखील लक्षणे असू शकतात, हे त्यांना ठाऊक नसते. माहितीपत्रके असली तरी त्यांतील मजकूर लांबलचक व पारिभाषिक असतो आणि वाचनाची सवय नसलेल्या स्त्रीला त्याचा उपयोग होत नाही. याखेरीज लज्जा हा मोठा अडसर असतो. अनेक समाजांत स्तनांविषयी उघडपणे बोलणे, त्यांची चित्रे पाहणे किंवा ती भिंतीवर लावणे अप्रशस्त मानले जाते. वृत्तपत्रे, सार्वजनिक फलक आणि समाजमाध्यमे यांचे नियमही उघड्या स्तनांच्या चित्रांना प्रतिबंध करतात. जे अवयवाचे चित्र दाखविल्याशिवाय समजावता येत नाही, ते दाखविण्यासच मनाई, अशी ही अडचण आहे.

एल्सवर्थ-बोमाँट यांच्या दोन्ही आज्या स्तनाच्या कर्करोगाने दगावल्या होत्या. स्वतःला पडलेल्या प्रश्नांची सोपी व स्पष्ट उत्तरे उपलब्ध साहित्यात न मिळाल्याने त्या या विषयाकडे वळल्या. त्यांचे शिक्षण वैद्यकाचे नव्हते. माहितीची दृश्य मांडणी हा त्यांचा व्यवसाय होता आणि त्याच दृष्टीने त्यांनी या प्रश्नाकडे पाहिले.

चित्राची संकल्पना

लिंबाची निवड करण्यामागे काही निश्चित कारणे आहेत. पाश्चात्त्य देशांत सामान्यतः वापरले जाणारे पिवळे लिंबू आकाराने लांबट असते व त्याच्या टोकाशी एक उंचवटा असतो. हा उंचवटा स्तनाग्राची आठवण करून देतो. लिंबाच्या सालीवर बारीक रंध्रे असतात आणि दुरून पाहता ती मानवी त्वचेसारखी भासतात. साल सुरकुतते, आक्रसते, तिच्यावर डाग पडतो, खपली धरते. म्हणजेच त्वचेत होणारे बहुतेक बदल सालीवर दाखविता येतात. याशिवाय लिंबू ही घरोघरी आढळणारी वस्तू आहे. तिच्याकडे पाहताना संकोच वाटत नाही, भीतीही वाटत नाही. रोगग्रस्त अवयवाचे प्रत्यक्ष छायाचित्र पाहून सामान्य माणूस नजर फिरवतो. लिंबाकडे मात्र तो थांबून पाहतो.

अंड्यांच्या खोक्याचा उपयोग केवळ सजावटीसाठी केलेला नाही. खोक्यातील खाचांमुळे बारा समान चौकटी आपोआप तयार होतात, प्रत्येक लिंबू स्वतंत्र दिसते आणि शेजारच्या लिंबाशी त्याची तुलना करता येते. सर्व लिंबे एकाच दिशेने ठेवलेली व एकाच प्रकाशात टिपलेली असल्याने त्यांच्यातील साम्य पार्श्वभूमीला राहते आणि फरक तेवढा पुढे येतो. स्तनांच्या निरीक्षणाचे सूत्रही हेच आहे. स्तनांची ठेवण प्रत्येक स्त्रीत वेगळी असते. एकाच स्त्रीच्या दोन्ही स्तनांतही थोडा फरक असणे स्वाभाविक असते. म्हणून एखाद्या आदर्श आकाराशी तुलना न करता स्वतःच्या नेहमीच्या स्थितीत झालेला नवा बदल ओळखणे महत्त्वाचे ठरते.

चित्रातील मजकूर अत्यल्प आहे. प्रत्येक लक्षणासाठी दोन-तीन शब्दांचे नाव दिलेले असते. ही नावे वाचता आली नाहीत तरी चित्राचा मुख्य आशय पोहोचतो. अक्षरओळख कमी असणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचण्याच्या आणि अनुवाद सुलभ होण्याच्या दृष्टीने ही रचना उपयुक्त ठरली आहे.

बारा लक्षणे

चित्रात दाखविलेली लक्षणे आणि त्यांमागील शारीरिक कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

१. जाड झालेला भाग : स्तनाचा एखादा भाग सभोवतालच्या भागापेक्षा घट्ट किंवा जाड लागतो. स्वतंत्र गाठ जाणवेलच असे नाही.

२. खळी : स्तनातील ऊतींना आधार देणारे तंतुमय बंध त्वचेपर्यंत गेलेले असतात. कर्करोगाच्या वाढीमुळे हे बंध आखडले, की त्वचा आत ओढली जाऊन खळी पडते. हात वर केल्यावर ती अधिक स्पष्ट दिसू शकते.

३. स्तनाग्रावरील खपली : स्तनाग्र व त्याभोवतालचे स्तनमंडल यांची त्वचा खरखरीत होते, तिला खपली धरते किंवा खाज सुटते. इसब समजून बराच काळ मलमे लावली जाण्याचा धोका या लक्षणात असतो.

४. लाली व उष्णता : त्वचा लाल होते व स्पर्शाला गरम लागते. अंगावर पाजणाऱ्या मातांमध्ये जंतुसंसर्गामुळेही असे होते. उपचार करूनही लाली न गेल्यास पुढील तपासणी आवश्यक असते, कारण दाहक स्वरूपाचा कर्करोग याच रूपात प्रकट होतो.

५. अनपेक्षित स्राव : स्तनाग्र न दाबताही त्यातून पाण्यासारखा किंवा रक्तमिश्रित स्राव येतो. तो एकाच बाजूने येत असल्यास विशेष लक्ष द्यावे लागते.

६. त्वचेवरील व्रण : बरी न होणारी जखम किंवा फोड.

७. उंचवटा : बाहेरून दिसणारा फुगवटा.

८. ठळक झालेली शीर : पूर्वी न दिसणारी रक्तवाहिनी अचानक फुगून त्वचेखाली स्पष्ट दिसू लागते.

९. आत ओढले गेलेले स्तनाग्र : दुग्धनलिका आखडल्यामुळे स्तनाग्र आत वळते. काही स्त्रियांमध्ये ते जन्मतःच तसे असते आणि ती स्थिती रोगसूचक नसते. नव्याने झालेला बदल मात्र महत्त्वाचा असतो.

१०. आकारातील बदल : एका स्तनाचा आकार किंवा ठेवण नव्याने बदलते.

११. संत्र्याच्या सालीसारखी त्वचा : त्वचेतील लसीकावाहिन्यांत अडथळा आल्याने त्वचा सुजते. रोमछिद्रांच्या जागा मात्र खोलगट राहतात, त्यामुळे तिला संत्र्याच्या सालीचे रूप येते.

१२. दडलेली गाठ : बाहेरून काहीच दिसत नाही, पण आत गाठ असते. अशी गाठ हाताने चाचपून किंवा मॅमोग्राफीसारख्या तपासणीतूनच कळते.

यांपैकी कोणतेही लक्षण म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे. स्तनात आढळणाऱ्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. पाण्याने भरलेल्या गाठी, तंतुमय गाठी, मासिक पाळीनुसार होणारे बदल व जंतुसंसर्ग ही त्यांची सामान्य कारणे होत. निदानासाठी वैद्यकीय तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि आवश्यकतेनुसार ऊतींचा तुकडा काढून केलेली परीक्षा यांची गरज असते. चित्राचे प्रयोजन एवढेच, की बदल झालेला असता स्त्रीने तो ओळखावा आणि तपासणीसाठी जाण्यास विलंब करू नये.

लिंबाचा अंतर्भाग

मोहिमेच्या अन्य चित्रांत कापलेल्या लिंबाचा उपयोग करून स्तनाची अंतर्गत रचना स्पष्ट केली आहे. लिंबाच्या सालीखाली जसा गराचा भाग असतो, तसे स्तनाच्या त्वचेखाली मेद, दुग्धग्रंथी व दुग्धनलिका असतात. स्तन चाचपताना हाताला अनेक प्रकारचे उंचसखल भाग लागतात आणि ते काय आहेत हे ठाऊक नसल्याने पहिल्यांदा स्वतःची तपासणी करणारी स्त्री घाबरून जाते. अशा वेळी ओळखीच्या वस्तूंची तुलना उपयोगी पडते. काखेतील लसीका ग्रंथी दाण्यासारख्या मऊ व हलणाऱ्या असतात, तर कर्करोगाची गाठ अनेकदा लिंबाच्या बीसारखी कठीण व एका जागी रुतलेली लागते. प्रत्येक गाठ अशीच असेल असे नाही. तथापि ‘गाठ लागते म्हणजे नेमके काय लागते’ या प्रश्नाचे उत्तर कोरड्या व्याख्येपेक्षा या तुलनेतून चांगले समजते.

प्रसार

मोहीम सुरू झाल्यानंतर अनेक वर्षे तिचा परिचय मर्यादित वर्तुळापुरताच होता. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील एका रुग्ण स्त्रीने हे चित्र फेसबुकवर प्रसिद्ध केले. त्या सुमारास कर्करोगाविषयी जागृतीच्या नावाखाली केवळ हृदयाचे चिन्ह टाकण्याचा एक खेळ समाजमाध्यमांवर सुरू होता. त्याला उत्तर म्हणून तिने स्वतःचा अनुभव लिहिला. स्वतःच्या तपासणीची पद्धत तिला माहीत होती, परंतु तिची गाठ हाताला लागत नव्हती. पूर्वी पाहिलेल्या चित्रासारखी खळी स्वतःच्या स्तनावर दिसल्यामुळेच तिला रोगाची शंका आली. पाच दिवसांत निदान झाले आणि पुढील महिन्यात रोग चौथ्या टप्प्यात पोहोचल्याचे कळले. हृदयाच्या चिन्हाने कोणालाही काही कळत नाही, काय पाहायचे ते चित्रामुळे कळते, असा तिच्या लेखनाचा आशय होता. ही नोंद हजारोंनी पुढे पाठविली आणि जगभरातील वृत्तमाध्यमांनी तिची दखल घेतली.

या घटनेची दुसरी बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. चित्रामुळे त्या स्त्रीला रोग ओळखता आला, परंतु तोपर्यंत तो पसरलेला होता. लक्षण ओळखणे ही उपचाराची पहिली पायरी आहे. ती पुरेशी ठरेलच अशी हमी नसते.

त्यानंतरच्या काळात संस्थेने मोबाइल ॲप, भित्तिपत्रके, वर्गात शिकविण्याचे साहित्य व निरनिराळ्या भाषांतील आवृत्त्या यांद्वारे कार्याचा विस्तार केला.

अन्य देशांतील समांतर प्रयत्न

जे दाखवायचे तेच दाखविण्यास बंदी, या अडचणीवर इतर संस्थांनीही मार्ग शोधले आहेत. अर्जेंटिनातील मॅक्मा या संस्थेने २०१६ मध्ये स्तनतपासणीची चित्रफीत तयार केली. समाजमाध्यमांवर स्त्रीच्या स्तनांना मनाई असली तरी पुरुषाच्या छातीला नसते, हे हेरून तिच्यात एका स्थूल पुरुषाच्या छातीवर तपासणीची पद्धत दाखविली होती. त्याच वर्षी स्वीडनमधील कर्करोगविषयक संस्थेची चित्रफीत फेसबुकने हटविली. तिच्यात स्तन केवळ वर्तुळांनी सूचित केले होते. संस्थेने त्यावर वर्तुळांऐवजी चौकोन काढून उपरोधिक उत्तर दिले आणि फेसबुकने क्षमा मागितली.

स्तनाच्या कर्करोगाचे सर्वांत परिचित चिन्ह म्हणजे गुलाबी फीत. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत तिचा प्रसार झाला. या फितीने रोगाविषयीचे मौन दूर करण्यास व निधी जमविण्यास मोठे साहाय्य केले. तथापि ती रोगाचे स्मरण देते, लक्षणे सांगत नाही. शिवाय तिचा व्यापारी वस्तूंच्या विक्रीसाठी होणारा वापर टीकेचा विषय ठरला आहे. चिन्ह आणि माहितीचित्र यांतील हा फरक नो युअर लेमन्सच्या संदर्भात नेहमी अधोरेखित केला जातो.

‘शरीर की जानकारी’

भारतात याच प्रश्नाला मिळालेले एक महत्त्वाचे उत्तर लिंबांच्या चित्राहून जुने आहे. राजस्थानातील महिला विकास कार्यक्रमाशी निगडित ग्रामीण स्त्रियांनी आरोग्यविषयक शिबिरांतून ‘शरीर की जानकारी’ हे हिंदी पुस्तक तयार केले. दिल्लीच्या काली फॉर विमेन या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेने १९८९ मध्ये ते प्रसिद्ध केले. पुस्तकाच्या निर्मितीत पंचाहत्तर स्त्रियांचा सहभाग होता. त्या सर्व त्याच्या लेखिका मानल्या जातात.

पुस्तकाचा पहिला हस्तलिखित आराखडा गावांत दाखविला, तेव्हा त्यातील नग्न आकृत्यांना स्त्रियांनी हरकत घेतली. गावात अशी उघडी बाई कधी दिसत नाही, तेव्हा हे चित्र खरे नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्यावर काढलेला तोडगा साधा होता. आकृती पूर्ण पोशाखात दाखविली आणि तिच्या घागऱ्याच्या जागी कागदाची उघडणारी घडी ठेवली. ती उचलली, की आतील अवयव दिसतात. घडी खाली केली, की चित्र पुन्हा चारचौघांत दाखविण्याजोगे होते. या रचनेत अवयवाच्या जागी दुसरी वस्तू आणलेली नाही. तो केव्हा पाहायचा हे ठरविण्याचा अधिकार पाहणारीच्या हाती दिला आहे. ज्यांच्यासाठी चित्र काढायचे त्यांनाच ते आधी दाखवून त्यांच्या सूचनेनुसार बदलायचे, या तत्त्वाचे हे पुस्तक उत्तम उदाहरण मानता येते.

भारतीय व मराठी संदर्भ

भारतातही स्तनाचा कर्करोग स्त्रियांमधील सर्वाधिक प्रमाणात आढळणारा कर्करोग आहे. ग्लोबोकॅन या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ९२ हजारांहून अधिक नव्या रुग्णांची व ९८ हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद आहे. अनेक रुग्ण रोग बराच वाढल्यावर रुग्णालयात पोहोचतात. सर्व स्त्रियांची ठरावीक काळाने मॅमोग्राफी करणे खर्च व साधने यांच्या अभावी शक्य होत नाही. त्यामुळे प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने केलेली तपासणी आणि स्त्रीची स्वतःची जागरूकता यांना येथे विशेष महत्त्व आहे.

या संदर्भात मुंबईत झालेला एक दीर्घ अभ्यास जगभर उल्लेखिला जातो. टाटा स्मारक रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांचा यात समावेश केला. निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित महिला आरोग्यसेविकांकडून स्तनतपासणी करण्यात आली व त्यांना रोगाची माहिती देण्यात आली. सुमारे वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग तुलनेने लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीच्या व त्यावरील वयोगटात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. सर्व वयोगट एकत्र घेता दिसलेली १५ टक्क्यांची घट मात्र संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हती.

चित्र एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेताना त्याचा अर्थ बदलू शकतो. महाराष्ट्रातील बाजारात मिळणारे कागदी लिंबू लहान, गोल व पातळ सालीचे असते. चित्रातील लिंबाच्या टोकाशी असलेला ठळक उंचवटा त्याला नसतो, त्यामुळे चित्रातील साम्य येथील प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागते. शिवाय लिंबाला येथे लोकसमजुतींचे संदर्भ आहेत. दारावर टांगलेले लिंबू-मिरची किंवा तिठ्यावर टाकलेले उताऱ्याचे लिंबू पाहण्याची सवय असलेल्या समाजात रोगाशेजारी लिंबू दिसल्यास त्यातून करणी वा दृष्ट यांची भलती आठवण होण्याचा संभव असतो. म्हणून स्थानिक स्त्रियांच्या गटात चित्राची पूर्वचाचणी करणे इष्ट ठरते.

भाषेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. बोलण्यातील मराठीत ‘स्तन’ हा शब्द सहसा उच्चारला जात नाही. त्याऐवजी ‘छाती’ म्हटले जाते आणि स्तनपानाला ‘अंगावर पाजणे’ असा शब्दप्रयोग आहे. ‘छातीत गाठ’ म्हटल्यावर ती फुप्फुसात की स्तनात, हे ऐकणाऱ्याला स्पष्ट होत नाही. ‘खळी’ या शब्दाला मराठीत गालावरच्या खळीमुळे सौंदर्याची छटा आहे, तर येथे तीच धोक्याची सूचना असते. अशा ठिकाणी शब्दाने होणारा घोटाळा चित्र टाळू शकते. मात्र त्याखालील शब्द पुस्तकी नसून स्त्रियांच्या तोंडचे असावे लागतात.

टीका व मर्यादा

मोहिमेवरील मुख्य आक्षेप अवयवाऐवजी फळ दाखविण्याला आहे. स्तनांचे नाव व चित्र टाळल्याने लज्जेला बळकटी मिळते, असे काहींचे मत आहे. भारतात हा वाद ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रकर्षाने पुढे आला. क्रिकेटपटू युवराज सिंग यांच्या कर्करोगविषयक प्रतिष्ठानाने दिल्ली मेट्रोत लावलेल्या एका जाहिरातीत स्तनांऐवजी ‘संत्री’ हा शब्द वापरला होता व महिन्यातून एकदा ती तपासावीत असे आवाहन केले होते. हा शब्द अपमानकारक व अस्पष्ट असल्याची टीका झाली आणि मेट्रो प्रशासनाने जाहिरात काढून टाकली.

वरवर पाहता दोन्ही ठिकाणी फळाचीच योजना आहे, परंतु तिचे कार्य भिन्न आहे. दिल्लीतील जाहिरातीत फळ हे केवळ एका शब्दाच्या जागी आले होते. त्यातून कोणतेही लक्षण कळत नव्हते. लिंबांच्या चित्रात फळ अवयवाला झाकते, पण त्याच वेळी बारा बदल स्पष्ट करून दाखविते आणि सोबतच्या मजकुरात स्तन व कर्करोग हे शब्द उघडपणे येतात. पर्यायी वस्तूची योजना कितपत समर्थनीय आहे हे ठरविताना ती किती झाकते आणि किती दाखविते, हा निकष त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

चित्राच्या काही मर्यादा त्याच्या माध्यमातूनच येतात. पिवळ्या सालीवर लाल डाग उठून दिसतो, परंतु सावळ्या वा काळ्या त्वचेवरील लाली जांभळट किंवा तपकिरी दिसू शकते आणि ती चटकन लक्षात येत नाही. लिंबाला काख नसते, त्यामुळे काखेतील गाठींचे महत्त्व स्वतंत्रपणे सांगावे लागते. स्तनाचा कर्करोग अल्प प्रमाणात पुरुषांनाही होतो, याची सूचना मुख्य चित्रातून मिळत नाही.

स्वतःच्या तपासणीच्या परिणामकारकतेविषयीही मतभेद आहेत. चीनमधील शांघाय येथे वस्त्रोद्योगातील सुमारे २ लाख ६६ हजार स्त्री-कामगारांवर झालेल्या अभ्यासाचे अंतिम निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःची तपासणी पद्धतशीरपणे शिकविल्याने मृत्यूंचे प्रमाण कमी झाले नाही. उलट कर्करोगाच्या नसलेल्या गाठींसाठी कराव्या लागणाऱ्या परीक्षांची संख्या वाढली, असे त्यात आढळले. त्यामुळे ठरावीक पद्धतीच्या मासिक तपासणीपेक्षा स्वतःच्या स्तनांची नेहमीची स्थिती जाणून घेणे आणि बदल दिसताच वैद्याकडे जाणे यावर आता अधिक भर दिला जातो. लिंबांचे चित्र या दुसऱ्या भूमिकेशी सुसंगत आहे. ते वयोमानानुसार कराव्या लागणाऱ्या वैद्यकीय तपासण्यांना पर्याय मात्र ठरू शकत नाही.

लक्षण ओळखल्यानंतर तपासणीची व उपचारांची सोय जवळपास नसेल, तर माहितीचा उपयोग मर्यादित राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या स्तनकर्करोगविषयक जागतिक उपक्रमात तीन उद्दिष्टे ठरविली आहेत. किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या वा दुसऱ्या टप्प्यात व्हावे, तपासणीस आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे आणि किमान ८० टक्के रुग्णांनी उपचार पूर्ण करावेत, अशी ती उद्दिष्टे आहेत. यांतील पहिल्या उद्दिष्टाला चित्रांचे साहाय्य होऊ शकते. उरलेली दोन आरोग्ययंत्रणेवर अवलंबून आहेत.